आधी अर्ज, मग ड्रॉइंग: कोल्हापूरच्या औद्योगिक संघटनांना खुले पत्र

प्रति,
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी व सभासद,

सप्रेम नमस्कार.

मी शिरोली एमआयडीसीत एक लहान फाउंड्री आणि तिला लागूनच मशीनशॉप चालवतो. सगळी मिळून बत्तीस माणसं आहोत. वडिलांनी उद्यमनगरात एका जुन्या लेथवर सुरुवात केली होती, तो लेथ अजून आमच्या गेटशेजारी उभा आहे. आपल्यापैकी बरेच जण मला ओळखतात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

पत्राचा विषय पेटंट. आपल्या बैठकांत हा शब्द निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, ‘ते मोठ्या कंपन्यांचं काम.’ दुसरं, ‘पेटंट घेतलं म्हणून कोण कॉपी करायचं थांबतंय?’ ही दोन्ही उत्तरं मी स्वतः कित्येक वर्षं देत आलो. आमच्याच कारखान्यात घडलेल्या दोन गोष्टींनी माझं मत बदललं. त्या सांगितल्याशिवाय माझी मागणी आपल्याला समजणार नाही.

पहिली गोष्ट पंपाच्या केसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम होतं. ओतताना आतला कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा गाभा, किंचित हलायचा. त्यामुळे एका बाजूची भिंत जाड यायची आणि दुसरी पातळ. प्रेशर टेस्टला पातळ बाजूनं पाणी झिरपायचं. कोअरला आधार म्हणून चॅपलेट, म्हणजे धातूचे छोटे टेकू, घातले, तर ते नीट वितळून एकजीव व्हायचे नाहीत आणि नेमकी तिथंच गळती लागायची. शंभरात चौदा-पंधरा नग परत यायचे. आमचे पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणारे, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, तीन आठवडे त्या एका पॅटर्नपाशी बसून होते. शेवटी त्यांनी कोअर प्रिंटचा, म्हणजे कोअर साच्यात जिथं टेकतो त्या भागाचा, आकारच बदलला. एका बाजूला उतार दिला, दुसऱ्या बाजूला खाच. वरचा मोल्डिंग बॉक्स बंद झाला की त्याच्याच वजनानं कोअर आपल्या जागेवर दाबून बसायचा. चॅपलेट पूर्ण बंद झाले. रिजेक्शन शंभरात दोनावर आलं.

गिऱ्हाइकाचे क्वालिटीचे साहेब आले, त्यांनी पाहिलं, पाठ थोपटली. जाताना म्हणाले, ‘याचं ड्रॉइंग पाठवून द्या, रेकॉर्डला लागतं.’ मी त्याच दिवशी पाठवलं. सहा महिन्यांनी त्यांच्याकडून केसिंगचं सुधारित ड्रॉइंग आलं. टायटल ब्लॉक, म्हणजे कोपऱ्यातली नावाची चौकट, त्यांचा, नवा रिव्हिजन नंबर त्यांचा आणि आत मामांचा कोअर प्रिंट. पुढच्या वर्षी तेच ड्रॉइंग तीन फाउंड्र्यांना कोटेशनसाठी गेलं. त्यातल्या एकीनं किलोमागं दोन रुपये कमी सांगितले आणि काम तिकडे गेलं. त्या फाउंड्रीवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कोटेशन दिलंच असतं.

मी कपाटातून पर्चेस ऑर्डर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की या कामाच्या ओघात तयार होणारं प्रत्येक ड्रॉइंग, टूलिंग आणि सुधारणा ही खरेदीदाराची मालमत्ता राहील. खाली माझी सही, कंपनीचा शिक्का. वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, ‘कागदावर सगळं त्यांचंच आहे. तुमच्याकडे तुमचा म्हणावा असा एक तरी कागद आहे का?’ नव्हता. मामांनी मला विचारलं, ‘मालक, डोकं आपलं चाललं, मग नाव त्यांचं कसं?’ त्या माणसाला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

लहान उद्योग पेटंट का घेतात, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला मामांच्या त्या एका वाक्यात मिळालं. त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. १९९४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या कारखानदारीतल्या १,४७८ संशोधन विभागांना विचारलं होतं की तुमचा शोध तुम्ही कशानं राखता. बहुतेक क्षेत्रांत पेटंट खालच्या क्रमांकावर आलं. त्याच्या वर होतं गुपित ठेवणं आणि इतरांच्या आधी बाजारात पोचणं. म्हणजे आपले लोक जे म्हणतात त्यात तथ्य आहे. तरीही त्याच कंपन्या पेटंटचे अर्ज करत होत्या. कारणं विचारली तेव्हा कॉपी थांबवण्याबरोबरच दुसरीही कारणं पुढं आली: प्रतिस्पर्ध्यानं त्याच वाटेवर पेटंट घेऊन आपल्याला अडवू नये, वाटाघाटीत आपल्या हातात काही असावं, उद्या कुणी दावा लावला तर उत्तर द्यायला काही असावं. २००८ मध्ये अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नव्या तंत्रज्ञान कंपन्यांना असेच प्रश्न विचारले. तिथं गुंतवणूकदाराचा विश्वास आणि बाजारातली पत ही कारणंही ठळक दिसली. पेटंट का घेतलं नाही, याचं सर्वांत मोठं कारण मात्र खर्च.

या अभ्यासांतल्या कंपन्यांची परिस्थिती वेगळी आहे. आपल्यापैकी बहुतेकांना कुणी व्हेंचर कॅपिटल द्यायला येत नाही. आपलं काम दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर चालतं आणि दर किलोवर ठरतो. कास्टिंगचं वजन काट्यावर दिसतं. ते कास्टिंग बिनचूक यावं म्हणून मामांनी तीन आठवडे लावलेलं डोकं त्या काट्यावर येत नाही, म्हणून त्याचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक बदललं की ते डोकं त्या ड्रॉइंगबरोबर निघून जातं. मोठ्या कंपनीला पेटंट हवं असतं बरोबरीच्या कंपनीला रोखायला. आपल्याला ते हवं आहे स्वतःच्याच गिऱ्हाइकासमोर बसताना. आपल्या भागातल्या लहान कारखान्यानं पेटंटकडे वळावं याचं सर्वांत मोठं कारण मला हेच दिसतं, आणि आपल्या चर्चांत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. आपलं उद्यमनगर एकमेकांचं बघून मोठं झालं. उसाच्या चरक्यांना आणि शेतीच्या पंपांना बाहेरून आलेली ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता आपल्या मागच्या पिढीनं आधी स्पेअर पार्ट बनवले, मग अख्खी इंजिनं. याच गावात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा चालणारा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला. उघडून बघायचं, समजून घ्यायचं आणि त्याहून चांगलं करायचं, ही इथली शाळा. ती बंद पडावी असं मला अजिबात वाटत नाही. शेजारच्या शेडमध्ये जाऊन ‘हे कसं केलंस?’ असं विचारता येतं, म्हणूनच कोल्हापूरची फाउंड्री टिकली. पेटंटचा कायदाही या शाळेच्या विरोधात नाही. पेटंट घेणाऱ्याला आपला शोध पूर्णपणे, करून दाखवता येईल इतका लिहून जाहीर करावा लागतो. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं त्याच्यावर त्याचा हक्क राहतो, नंतर तो सगळ्यांचा. गुपित मात्र माणसाबरोबर जातं. वडिलांच्या वेळचे एक मोल्डर होते. कोअरच्या वाळूत ते नक्की काय आणि किती मिसळायचे ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते गेले आणि तसा गुळगुळीत कोअर आम्हाला पुन्हा जमला नाही.

आता दुसरी गोष्ट.

पातळ भिंतीची व्हॉल्व्ह बॉडी व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, बांधली की क्लॅम्पच्या दाबानं किंचित वाकते. बोअर, म्हणजे आतलं भोक, मारताना गोल दिसतो, क्लॅम्प सोडला की अंडाकृती होतो. हे दुखणं आपल्यापैकी प्रत्येक मशीनशॉपवाल्यानं सोसलं आहे. आमच्या आयटीआय झालेल्या एका ऑपरेटरच्या डोक्यात आलं की खालचे तीन आधार पक्के न ठेवता तराजूसारखे एकमेकांशी जोडावेत. म्हणजे कास्टिंगचा कच्चा पृष्ठभाग कितीही वरखाली असला तरी तिघांवर सारखा भार येईल, आणि मग ते त्याच जागी लॉक करावेत. मामांनी त्याचं लाकडी मॉडेल करून दिलं. या वेळी मी कुणालाही ड्रॉइंग पाठवलं नाही. गिऱ्हाइकाचे साहेब येणार होते त्या दिवशी ते फिक्स्चर, म्हणजे कास्टिंग धरून ठेवणारी ही रचना, मशीनवरून उतरवून झाकून ठेवलं. आधी अर्ज केला.

सुरुवातीचा अर्ज करायला सगळं सिद्ध झालेलं असावं लागत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. कायद्यात प्रोव्हिजनल अर्जाची सोय आहे. कल्पना नीट वर्णन करून, आकृत्या लावून तो दाखल केला की तारीख आपली होते. पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. मधल्या काळात फिक्स्चर सुधारता येतं, चार ठिकाणी वापरून बघता येतं, पैसे घालण्याजोगं आहे की नाही याचा विचार करता येतो. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. उद्यम नोंदणीचा दाखला आणि फॉर्म २८ जोडायचा, एवढंच. मोठ्या कंपनीला याच अर्जाला ८,००० पडतात. तपासणीची मागणी करायला आपल्याला ४,०००, त्यांना २०,०००. लवकर तपासणी हवी असेल तर आपल्याला ८,०००, त्यांना ६०,०००. नोव्हेंबर २०२० पासून लहान उद्योगांना व्यक्तीइतकीच फी लागू झाली आहे. पेटंट मिळाल्यावर नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. सहाव्या वर्षापर्यंत ती आपल्याला वर्षाला ८०० रुपये आहे. मी ही रक्कम जिथं जिथं सांगितली तिथं लोकांनी मला दोनदा विचारलं. मोठा खर्च आहे तो अर्ज लिहिणाऱ्या एजंटचा. त्यातही केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाच्या योजनेत पेटंट मंजूर झाल्यावर देशातल्या पेटंटसाठी एक लाखापर्यंत आणि परदेशातल्या पेटंटसाठी पाच लाखांपर्यंत परतावा मिळण्याची तरतूद आहे.

आमचा अर्ज सरळ पार पडला नाही. तपासणी अहवालात दोन जुनी परदेशी पेटंटं समोर ठेवली गेली. त्यातलं एक जपानी होतं. सारखा भार वाटून घेणारे आधार त्यात आधीपासून होतेच. सुरुवातीला आम्ही सगळ्या कल्पनेवर हक्क सांगितला होता. तो आवरून लॉक करण्याच्या रचनेपुरता ठेवावा लागला. त्या दिवशी ऑपरेटर नाराज झाला, पण मला तो अहवाल फार मोलाचा वाटला. जगात हे काम कुठं कुठं कुणी केलं आहे, ते आमच्या टेबलावर आलं. त्या जपानी पेटंटमधली एक युक्ती भारतात कुणाच्याच हक्कात नाही. ती आम्ही आता दुसऱ्या कामात मोकळेपणानं वापरतो.

हे सांगताना मिर्झापूरच्या एका खटल्याची आठवण देतो. आपल्यापैकी जो कोणी पेटंटला निघेल त्यानं तो वाचून निघावा. मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणारी एक भागीदारी फर्म होती. लेथवर भांडं फिरवताना ते निसटून उडायचं आणि माणसाला लागायचं. फर्मनं भांडं धरून ठेवायची एक रचना काढली आणि १९५१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पेटंट मिळालं. पुढं दुसऱ्या भांडीवाल्यानं तसंच वापरलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. १९७८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही वर्कशॉपमध्ये कुठल्याही हुशार कारागिराला सुचेल अशी सुधारणा आहे, पेटंटला लागणारी शोधाची पायरी यात नाही. पेटंट रद्द झालं. सत्तावीस वर्षं! आपल्याकडच्या शंभर कल्पनांतल्या बऱ्याच याच जातीच्या असतील, हे मान्य करूनच पुढं जायला हवं. कायद्याच्या कलम ३ मध्येही स्पष्ट आहे की माहीत असलेली साधनं नुसती वेगळ्या क्रमानं मांडणं म्हणजे शोध नव्हे. म्हणून आधी जुनं काय आहे ते शोधायचं, आणि मगच एजंटला पैसे द्यायचे.

त्याचप्रमाणे सगळंच पेटंटला नेऊही नये. वाळूचं मिश्रण, भट्टीत मिश्रधातू टाकण्याची वेळ, ओतण्याचं तापमान या गोष्टी चार भिंतींच्या आत राहतात. तयार कास्टिंग बघून त्या कुणाला कळत नाहीत. तिथं गुपितच बरं, फक्त ते एका माणसाच्या डोक्यात न ठेवता तारखेसह वहीत लिहून ठेवावं. जे बाहेर दिसतं, विकलं जातं, उघडून बघता येतं, म्हणजे फिक्स्चर, पंप, व्हॉल्व्ह किंवा गुऱ्हाळाचं यंत्र, त्याला पेटंट किंवा निदान डिझाइन नोंदणी. डिझाइन नोंदणी दहा वर्षांची असते, आणखी पाच वर्षं वाढते. आणि फक्त भिंतीवर लावायला पेटंट नको. २०२३-२४ या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक पेटंटं मंजूर झाली. त्यातली किती प्रत्यक्ष शॉपफ्लोअरवर चालताहेत, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आपल्या भागातून दहाच अर्ज गेले तरी चालतील, पण ते मशीनवर चालणाऱ्या कामाचे असावेत.

आम्हाला त्या पेटंटमुळे काय मिळालं? बँकेनं कर्जाच्या फाइलमध्ये ते मोजलं नाही. मॅनेजरनं कौतुक केलं आणि तारण विचारलं. कुणावर दावा लावायची वेळ आली नाही, आणि आली असती तर मला झेपलं असतं असंही मी म्हणणार नाही. बजाज आणि टीव्हीएस यांच्यातला दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचा वाद २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये समझोत्यानं मिटला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना बारा वर्षं लागली. पण त्याच जुन्या गिऱ्हाइकाची नवी ऑर्डर आली तेव्हा मी मागच्या पानावरच्या त्या कलमाखाली एक ओळ घालायला सांगितली: अमुक क्रमांकाच्या अर्जातली रचना आणि तिच्यातल्या सुधारणा पुरवठादाराच्याच राहतील. त्यांच्या खरेदी विभागानं दोन आठवडे घेतले आणि ती ओळ मान्य केली. भांडण झालं नाही. अर्जाचा क्रमांक आणि तारीख ऑर्डरच्या आधीची होती, त्यामुळे त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. आता ते फिक्स्चर आम्ही बनवून दुसऱ्या दोन मशीनशॉपना विकतो, नगावर. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे पहिल्यांदा अशी वस्तू विकली जाते आहे जिचा दर तिच्या वजनावर ठरत नाही.

आणि अर्जात शोधक म्हणून दोन नावं आहेत: त्या ऑपरेटरचं आणि मामांचं. हक्क त्यांनी रीतसर कंपनीच्या नावावर करून दिला. त्याचा मोबदला मी त्यांना दिला. पण शोधक म्हणून कागदावर नाव त्यांचंच राहिलं. मामा सातवी शिकलेले. प्रमाणपत्राची प्रत त्यांनी घरी नेली. ऑपरेटरला त्याच महिन्यात पुण्यातून जास्त पगाराचं बोलावणं आलं होतं. तो गेला नाही. पगार वाढवण्यापलीकडे माणूस धरून ठेवायला काय लागतं, याचा विचार आपण सगळेच करतो. मला त्याचं एक उत्तर यात दिसलं.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपलं सगळं गाव पेटून उठलं. बरोबरच होतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, म्हणून हक्कानं बोलता तरी आलं. पुढं उच्च न्यायालयात वकिलांनी केलेली जनहित याचिका फेटाळली गेली. कारण ज्यांच्या नावावर नोंद आहे, ते याचिकाकर्ते नव्हते. मानांकन समूहाचं असतं आणि पेटंट शोधकाचं, ही दोन वेगळी साधनं आहेत. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: नोंद कुणाच्या नावावर? चपलेसाठी आपण सगळे एका आठवड्यात रस्त्यावर आलो. शिरोलीतून दर वर्षी किती कोअर प्रिंट आणि किती फिक्स्चर दुसऱ्याच्या टायटल ब्लॉकमध्ये जातात, त्याची वहीसुद्धा आपल्याकडे नाही.

आता मागणी. एकेकट्या कारखान्याला जे जमत नाही आणि संघटनेला सहज जमू शकतं, तेवढंच मागतो आहे.

सर्वांत आधी, पंधरा दिवसांतून एकदा संघटनेच्या कार्यालयात नोंदणीकृत पेटंट एजंट बसवावा. सभासदानं गुप्ततेच्या करारावर सही घेऊन आपली कल्पना त्याला दाखवावी. हे पेटंटचं आहे, डिझाइनचं आहे, गुपित ठेवण्याचं आहे की आधीच जगात आहे, एवढं पहिल्या बैठकीत कळलं तरी निम्मं काम होतं. त्याची फी सभासदांनी वाटून घेतली तर एकेकाला जड जाणार नाही. याच ठिकाणी केंद्राच्या परताव्याचे कागद भरून देणारं एक माणूस असावं.

दुसरं मला याहूनही महत्त्वाचं वाटतं. पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या कलमांचा अभ्यास संघटनेनं एका चांगल्या वकिलाकडून करून घ्यावा आणि सर्व सभासदांसाठी एक समान पत्र तयार करावं. एकटा मी ‘ही ओळ बदला’ म्हटलं तर खरेदी विभाग दुसऱ्याकडे वळू शकतो. शंभर पुरवठादारांनी तीच ओळ मागितली तर तिला रीत म्हणावं लागेल. त्याबरोबर दोन पानांचा गुप्ततेचा करार मराठी आणि इंग्रजीत छापून द्यावा. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला शॉपफ्लोअर दाखवण्याआधी सही घ्यायची सवय आपल्याला लागायला हवी. प्रदर्शनात नवं यंत्र मांडणाऱ्या सभासदांना तर आवर्जून बजावावं. अर्ज करायच्या आधी वस्तू मांडली किंवा विकली तर नावीन्य संपल्याचं धरलं जाऊ शकतं. केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती प्रत्येक प्रदर्शनाला लागू होत नाही.

पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. त्यातले ओतकाम, मशीनिंग, पंप आणि साखर-गूळ यंत्रांचे अर्ज बघायला एक तरुण अभियंता नेमावा. उद्यमनगरात वीस वर्षं सगळ्यांना माहीत असलेल्या युक्तीवर बाहेरच्या कुणी हक्क सांगितला, तर मंजुरीच्या आधी त्याला विरोध नोंदवण्याचा अधिकार कायद्यानं कुणालाही दिला आहे. तो वापरायला जुन्या तारखांची ड्रॉइंगं, बिलं, फोटो लागतात. ती जपून ठेवायला सभासदांना सांगावं लागेल, कारण आपण दिवाळीच्या आधी कपाटं रिकामी करतो.

आणि शासनाकडे एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून न्यावी. जर्मनीत १८९१ पासून छोट्या सुधारणांसाठी वेगळी नोंदणी आहे. तिची मुदत दहा वर्षं. पूर्ण तपासणीची वाट न बघता ती लवकर मिळते. चीनमध्येही अशी नोंदणी आहे. आपल्या केंद्र सरकारनं २०११ मध्ये या विषयावर चर्चेसाठी टिपण काढलं होतं, पण कायदा झाला नाही. मिर्झापूरच्या त्या भांडीवाल्याला अशी नोंदणी उपलब्ध असती, तर वर्कशॉपमधल्या त्याच्या कष्टाला थोडी तरी जागा मिळाली असती. याच्या विरोधातही युक्तिवाद आहे. तपासणीशिवाय दिलेले हक्क घेऊन कुणीही उठून शेजाऱ्याला नोटिसा पाठवेल, ही भीती खरी आहे. म्हणून दावा लावायच्या आधी तपासणी सक्तीची, अशी अट घालूनच ही मागणी करावी, असं माझं मत आहे.

पुढच्या महिन्याच्या संयुक्त बैठकीत मला वीस मिनिटं द्यावीत. आमची फाइल घेऊन येतो. प्रोव्हिजनल अर्ज, तपासणी अहवाल, त्याला दिलेलं उत्तर आणि बदललेल्या कलमाची पर्चेस ऑर्डर, गिऱ्हाइकाचं नाव झाकून, सगळं टेबलावर ठेवतो. ज्याला प्रत हवी त्यानं घ्यावी. मामा यायला तयार आहेत. ते म्हणाले, भाषण करणार नाही, पण लाकडी मॉडेल बरोबर आणतो.

आपला,
शिरोली एमआयडीसीतील एक लघुउद्योजक